ज्वरजन्य आकडी, प्रायोगिक

अपस्मारप्रवण वंशातील पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांना शरीराचे तापमान चढताच झटके येण्याची प्रवृत्ती. मुलांत हा विकार साधारणतः ६ महिने ते ५ वर्षे या वयात दिसतो. उंदरात मेंदूच्या वाढीचा समकक्ष टप्पा जन्मानंतरच्या १०–११ व्या दिवसाच्या आसपास मानतात. ही तुलना अर्थात स्थूल आहे.

वापरातील वंशांपैकी ‘जीईपीआर’ (जेनेटिकली एपिलेप्सी-प्रोन रॅट, म्हणजे जन्मतः अपस्मारप्रवण उंदीर) हा स्प्रेग-डॉली या प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांतून निवडपैदाशीने सिद्ध झाला. मोठ्या आवाजाने त्यांना झटका येतो. ‘जीईपीआर-३’ शाखेत तो मध्यम असतो, ‘जीईपीआर-९’ शाखेत अंग ताठ होण्यापर्यंत जातो. मेंदूतील नॉरएपिनेफ्रिन या संदेशवाहक रसायनाची उणीव हे त्याचे एक कारण मानले जाते. अशा वंशाच्या पिल्लांत तापमानाचा उंबरठाही (ज्या तापमानाला झटका सुरू होतो ती पातळी) खाली असावा, ही या संशोधनामागील धारणा.

वाद आहे तो पद्धतीचा. बहुतेक प्रयोगांत पिल्लांवर गरम हवा सोडतात. हा ताप नव्हे, बाहेरून लादलेली उष्णता. खऱ्या तापात इंटरल्युकिन-१ बीटासारखे दाहकारक घटक अधश्चेतकातील (हायपोथॅलॅमस, मेंदूचे तापनियंत्रक केंद्र) तापमानाची ठरलेली पातळीच वर नेतात. या घटकाचा ग्राही (त्याचा संदेश पकडणारा पेशीवरील रेणू) नसलेल्या छोट्या उंदरांना (माउस) गरम हवेतही झटके सहजी येत नाहीत, असे २००५ मध्ये दिसले; म्हणजे दोन्ही प्रकार अगदीच तुटक नाहीत. २००६ मध्ये दुसरे स्पष्टीकरण पुढे आले : तापलेले पिल्लू जोराने श्वास घेते, रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूची अल्कता वाढते आणि झटका येतो. हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळल्यावर झटके थांबले. जिवाणूंचे विष टोचून आधी ताप आणण्याची पद्धत मात्र मुलांच्या आजाराशी अधिक जुळते. बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू व मनोविकार संस्थेत उंदरांवर गरम पाणी ओतून झालेले प्रयोग कर्नाटकातील उष्णजल-अपस्माराशी (डोक्यावर गरम पाणी घेताना येणारे झटके) निगडित असून त्यांची गणना येथे करू नये.

खानदेशात ताप आणि बाहेरची उष्णता यांतील हा भेद महत्त्वाचा ठरतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५° से. च्या घरात जातो. वातानुकूलन बंद पडलेल्या प्राणिगृहात पिल्लांचे मूळ तापमानच चढलेले राहते आणि उंबरठ्याची मोजणी निरर्थक होते. मुलांच्या बाबतीत, ऊन लागून आलेला झटका ज्वरजन्य आकडीत धरत नाहीत. मेंदूचा हिवताप किंवा मेंदूज्वर असेल तर तेही व्याख्येबाहेर; सातपुड्यातील अक्कलकुवा-धडगाव भागात म्हणून झटक्यासह ताप आलेल्या मुलाची हिवतापासाठी रक्ततपासणी आधी करावी लागते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याच्या रूढीला आधार नाही.