रोजची ॲस्पिरिन निरोगी बाईचं हृदय राखते?

पन्नाशीनंतर रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी घेतली की हार्ट अटॅक टळतो, असं बायकांना आजही सर्रास सांगितलं जातं. आजार नसलेल्या बाईसाठी हा सल्ला चुकीचा आहे. अमेरिकेत ४५ आणि त्यापुढच्या वयाच्या ३९,८७६ निरोगी स्त्रियांना सुमारे दहा वर्षं एक दिवसाआड १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा औषध नसलेली गोळी दिली गेली. निष्कर्ष २००५ मध्ये आले. पक्षाघात १७ टक्क्यांनी घटला, पण एकूण गटात हार्ट अटॅक घटले नाहीत; ते फक्त पासष्टीपुढे कमी झाले. उलट रक्त चढवावं लागेल इतका पोटातला रक्तस्राव ४० टक्क्यांनी वाढला. कारण ॲस्पिरिन गुठळी रोखते, तशीच जठराच्या अस्तराची राखणही कमी करते.

आधी अटॅक आला असेल किंवा हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) असेल, तर मात्र गोळी मनाने बंद करू नका. तिथे ती हवीच. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तर घरी ॲस्पिरिन मुळीच देऊ नका. मेंदूत रक्तस्राव असू शकतो, तो सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

खरी राखण रक्तदाबाची. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदा मोजा. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा; हृदयाचा धोका जोखताना ते लागतं.