शेवटची जोडी लागेपर्यंत

लातूर असो, नांदेड असो की परभणी, कॉलेजात जीवशास्त्र घेतलं की पेशीविभाजन बघायला कांद्याच्या मुळाची स्लाइड चुकत नाही. मुळाचं टोक कापायचं, ॲसिटोकारमाइन या रंगात गरम करायचं, कव्हरस्लिपखाली अंगठ्यानं दाबायचं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी असलेली मेटाफेजची पेशी शोधली की सापडते. गुणसूत्रं दोन्हीकडे ओढली जात असलेली, म्हणजे ॲनाफेजची, पेशी मात्र सहज हाती लागत नाही. मग जर्नलमधली आकृती पुस्तकावरून उतरते!

दोष स्लाइडचा नसतो. ॲनाफेज मुळातच काही मिनिटांत उरकतो. त्याआधीचा बराच वेळ पेशी नुसती थांबलेली असते, आणि तिला थांबवून धरतात ती प्रथिनं.

कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात, माणसाच्या पेशीत ४६. विभाजनाआधी प्रत्येकाची नक्कल होते आणि दोन्ही प्रती कोहेसिन या प्रथिनाच्या कड्यांत अडकून राहतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून ट्युब्युलिनचे तंतू येऊन गुणसूत्रबिंदूपाशी चिकटतात. ते चुकीचेही चिकटतात. दोन्ही प्रती एकाच टोकाला बांधल्या गेल्या, तर मधे ताण बसत नाही. अशी सैल जोडणी ऑरोरा-बी नावाचं प्रथिन सोडवतं आणि तंतूंना पुन्हा संधी मिळते. दोन टोकांकडून सारखी ओढ बसली, तरच जोडणी टिकते.

४६ पैकी ४५ नीट लागली आणि एकच राहिलं, तरी त्या एका जागेवरून मॅड-२ सारखी प्रथिनं ‘थांबा’ असा रासायनिक निरोप साऱ्या पेशीभर धाडत राहतात. या साऱ्या यंत्रणेत मला सगळ्यात थोर वाटतं ते हेच. शेवटचंही जागेवर बसलं की सिक्युरिन हे प्रथिन नष्ट होतं. सेपरेज या कात्रीला इतका वेळ त्यानंच अडवून ठेवलेलं असतं. मोकळं झालेलं सेपरेज कडी कापतं आणि सगळ्या जोड्या जवळजवळ एकदमच सुटतात.

पावसाळ्यात झुडपांवर चढणारी लाल-पिवळ्या फुलांची कळलावी विषारी असते, ती कोल्चिसिनमुळे. हे रसायन ट्युब्युलिनला चिकटतं, तंतू बनू देत नाही, आणि पेशी मेटाफेजलाच अडकते. माणसाची गुणसूत्रं मोजणाऱ्या लॅबमध्ये याच जातीची रसायनं वापरतात, कारण अडकलेल्या पेशीतली गुणसूत्रं मोजायला सोपी जातात.

बीजांडाची गोष्ट निराळी. बाईची बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात; कोहेसिनची कडीही तेव्हाच बसतात. विभाजन तिथं अर्ध्यावर थांबतं, ते कित्येक वर्षांनी पुढं सरकतं. उंदरांवरच्या प्रयोगांत मधल्या काळात नवी कडी बसताना दिसली नाहीत. जुनी झिजतात, जोड्या वेळेआधी सुटतात, आणि बीजांडात ‘थांबा’चा पहाराही जरा ढिलाच असतो. मग गुणसूत्रांची वाटणी चुकते. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आली की बाळाला डाउन सिंड्रोम होतो.

आपल्याकडं अशा वेळी सुनेनं ग्रहणात काय चिरलं, काय शिवलं याची चौकशी सुरू होते. ग्रहणाचा इथं काडीचाही संबंध नाही. वयाचा आहे, पण तोही शंभर टक्के नाही: तरुण आयांनाही अशी बाळं होतात, आणि बाळंतपणंच त्या वयात जास्त असल्यानं त्यांची संख्या मोठी भरते. म्हणून डॉक्टर गरोदरपणात रक्ततपासणी आणि सोनोग्राफी सुचवतात, तेव्हा ‘पोरगी तर विशीतली आहे’ म्हणून ती टाळू नये.