पाणलाव्याची चोच चिखलात काय करते?

नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या मनोऱ्यावर हिवाळ्यात एक प्रश्न हमखास कानावर पडतो. काठाला पाणलावा नावाचा लांब चोचीचा पक्षी एकसारखी चोच खुपसत असतो आणि कुणीतरी विचारतं, "हा चिखल खातो का हो?" शेजारचा जाणकार सांगतो, "किडे शोधतोय. लागला तर लागला!" हे उत्तरही अर्धवटच आहे. पाणलावा नशिबावर चोच मारत नाही.

पण आधी तो सापडला पाहिजे. निफाड तालुक्यातलं, गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, आणि तेव्हापासून येणाऱ्याच्या दुर्बिणी रोहित पक्ष्यांवरून हलत नाहीत. पाणलावा जेमतेम २५-२७ सेंटिमीटरचा, तपकिरी, पाठीवर लांब पिवळट रेघा. वाळक्या गवतात बसला की संपलंच. चोच मात्र सहा-सात सेंटिमीटर, सरळ. दचकला की घोगरा आवाज काढत नागमोडी उडतो. तेव्हा पंखाची मागची कड बघावी: ठळक पांढरी असेल तर साधा पाणलावा. ती नसेल, उड्डाण सरळसर असेल आणि बोटं शेपटीबाहेर डोकावत असतील, तर टाचणीसारख्या बारीक शेपूटपिसांचा त्याचा भाऊबंद. दोघे बसलेले असताना त्यांच्यात फरक करायला जाऊ नये. त्यात भलेभले फसतात.

आता चोच. तिच्या टोकाचं हाड बारीक खड्ड्यांनी भरलेलं असतं. खड्ड्यांत हर्बस्ट कणिका नावाचे संवेदक असतात: मधे चेतातंतूचं टोक, भोवती थरांवर थर. स्थिर दाब हे थर जिरवून टाकतात. आत पोचतो तो फक्त दाबातला बदल. म्हणजे चोच रोवून स्वस्थ बसलं तर काहीच कळणार नाही. म्हणून तर पाणलावा शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच खालीवर करत राहतो.

हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाणलाव्याच्याच कुळातल्या 'नॉट' पक्ष्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ओल्या वाळूत पुरलेले शिंपले त्यांना सापडलेच, पण दगडही सापडले! दगडाला ना वास, ना हालचाल. वाळू कोरडी केली की पक्षी गोंधळले. उलगडा असा: चोच आत जाते तेव्हा कणांमधलं पाणी ढकललं जातं. वाटेत टणक वस्तू असली की पाणी अडतं, त्या बाजूचा दाब वाढतो. तो फरक चोचीला कळतो, वस्तूला न शिवता. पाणलावा खातो ते गांडूळ मऊ असतं, तिथे त्याची वळवळही उपयोगी पडत असणार.

सापडलं तरी चिखलात चोच उघडायची कशी? पुरती उघडायची तर चहूबाजूंचा गाळ रेटावा लागेल. पाणलावा फक्त टोक उघडतो. वरची चोच एकसंध नसते. तिच्यात वरची आणि खालची अशा दोन हाडांच्या पट्ट्या असतात. कवटीच्या बुडाशी असलेलं चौकोनी हाड पुढे झुलतं, बारीक दांड्यांमार्फत खालची पट्टी पुढे सरकते, वरची जागीच राहते. टोकाजवळचं हाड लवचिक, त्यामुळे तेवढंच टोक वर वळतं. बारीकसारीक भक्ष्य चोच बाहेर न काढताच गिळलं जातं.

याच काठावरची टिटवी अंडी कुठे घालते यावरून दर मे महिन्यात पावसाचे अंदाज छापून येतात. टिटवी त्या वेळची मोकळी, कोरडी जागा बघते, पुढचा जून नव्हे. पाणलाव्याचंही तसंच, फक्त त्याला हवी ओल. पाणी ओसरलं की ओल्या गाळाची पट्टी आत सरकते आणि तोही तिच्यामागे जातो. दुर्बीण भेगाळलेल्या काठावर फिरवण्यात अर्थ नाही. पाणी आणि गाळ जिथे मिळतात ती रेघ धरून, गवताच्या बुडाशी सावकाश बघत जावं, आणि चोचीच्या खालीवर होण्याकडे लक्ष ठेवावं; रंगापेक्षा ती हालचाल आधी दिसते.