ग्रामीण रस्त्यांची देखभाल: मैलकुलीपासून बचत गटापर्यंत

वळवाचा पहिला जोरदार पाऊस पडला की गावच्या रस्त्याचं पुढच्या वर्षाचं भवितव्य ठरतं. साइडपट्टी माती-गवताने डांबरापेक्षा उंच झालेली असली तर पाणी बाहेर पडत नाही, रस्त्यावरच तुंबतं. रात्रभरात ते बारीक भेगांतून खालच्या मुरमात उतरतं. सकाळी दुधाचा टेम्पो त्यावरून गेला की खडी सुटायला लागते आणि पंधरा दिवसांत तिथे खड्डा पडतो. त्याच संध्याकाळी कुणी कुदळ घेऊन साइडपट्टीत हातभर चर काढून दिला असता, तर पाणी मुकाट गटारात गेलं असतं. काम दहा मिनिटांचं, पण ते वेळेवर व्हावं लागतं.

ते करणारा माणूस एकेकाळी रस्त्यावर असायचा. त्याला मैलकुली म्हणत. त्याच्याकडे रस्त्याचा ठरलेला टापू असे. मोरीतला गाळ उपसायचा, साइडपट्टी छाटायची, खड्ड्यात खडी-मुरूम भरून धुमसाने, म्हणजे जड ठोकणीने, ठोकायचा, कडेच्या झाडांना चुना-गेरूचे पट्टे मारायचे. कुठल्या वळणावर दरसाल पाणी फुटतं, हे त्याला नकाशा न बघता ठाऊक असे. सरकार आणि कामगारांमधल्या 1967 च्या कालेलकर समझोत्याने अशा रोजंदारीवरच्या अनेक कामगारांना कायमपणाच्या वाटेवर आणलं. पुढे मात्र निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भरणं मंदावलं आणि ती माणसं रस्त्यांवरून दिसेनाशी झाली.

ग्रामीण रस्त्यांचा देशपातळीवरचा पहिला मोठा विचार आपल्या नागपुरातच झाला. 1943 साली मुख्य अभियंत्यांची परिषद तिथे भरली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची प्रतवारी तिने घालून दिली आणि सुपीक शेतीच्या पट्ट्यात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून 5 मैलांपेक्षा दूर राहू नये, असं उद्दिष्ट ठेवलं. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावरस्ते त्यांच्याकडे आले. रस्ता लोकांच्या जवळच्या संस्थेकडे आला ही मोठी गोष्ट होती. पण जबाबदारीच्या मानाने देखभालीचा पैसा आणि माणसं तिच्या हाती पुरेशी आली नाहीत.

मग 1972 चा दुष्काळ आला. खडी केंद्रांवर बायाबापे उन्हात बसून हातोड्याने दगड फोडत. फोडलेल्या खडीचा ढीग मोजून मजुरी मिळे, मधल्या सुट्टीत लेकराबाळांच्या हातावर सुकडी पडे. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदार-व्यापाऱ्यांच्या व्यवसायकरातून खेड्यातल्या मजुराला हक्काचं काम मिळालं. या कायद्याबद्दल मला आजही अभिमान वाटतो.

पण रस्त्यांच्या बाजूने पाहिलं तर इथेच एक संधी हुकली. रोहयोचे कितीतरी रस्ते मातीकाम आणि मुरमापर्यंत येऊन थांबले, दोन पावसाळ्यांत उखडले. दोष मजुरांचा नव्हता. रस्त्याला मधे उंचवटा का ठेवायचा, काळ्या रानात मुरमाचा थर जाड का लागतो, मोरीचं तोंड कुठे ठेवायचं, हे काम करता करता गावोगावचे मुकादम शिकले होते. त्या हाताला आलेल्या विद्येला पुढे ना प्रशिक्षण मिळालं, ना पद. काम संपलं, हजेरीपट बंद झाला आणि ज्याला रस्ता कळतो तोच माणूस पुन्हा ऊसतोडीला गेला.

25 डिसेंबर 2000 ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. 500 लोकवस्तीच्या, तर डोंगरी आणि आदिवासी भागात 250 च्या वस्तीपर्यंत बारमाही रस्ता न्यायचा, असा तिचा निकष होता. 2015 मध्ये राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजनाही आली. केंद्राच्या योजनेत पहिली 5 वर्षं देखभाल ठेकेदाराच्या करारातच बांधलेली असते, आणि ते योग्यच आहे. अडचण सहाव्या वर्षी सुरू होते. ठेकेदार निघून गेलेला असतो, आणि सरपंचाने अर्ज केला तरी त्याच्या गावात धुमस धरायला शिकवलेलं कुणी नसतं. 2021 मध्ये मातोश्री शेत-पाणंद रस्ते योजनेने मनरेगा आणि राज्याचा निधी यांची सांगड घातली. पाणंदी, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटा, मोकळ्या होऊ लागल्या, पण झालेली पाणंद कुणी राखायची, हा प्रश्न तिथेही आहेच.

यावर एक वाट उत्तराखंड, हिमाचल प्रदेश आणि मेघालयात करून पाहिली गेली. ग्रामसडक योजनेच्या काही रस्त्यांची नित्य देखभाल महिला बचत गटांना करारावर देण्यात आली: गवत काढणं, गटारं-मोऱ्या मोकळ्या ठेवणं, साइडपट्टी भरणं. कामं तीच, मैलकुलीची. आपल्याकडे तर महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान ‘उमेद’ यांच्यामुळे गावोगाव बचत गट आहेत, त्यांची बँकेत खाती आहेत, हिशेब लिहायची सवय आहे. त्यांच्याशी दरवर्षी मे महिन्यात, वळवाच्या आधी, किलोमीटरमागे करार करता येईल. कनिष्ठ अभियंत्याने दोन दिवस रस्त्यावर उभं राहून कुठे चर काढायचा, कुठे मुरूम भरायचा, ते दाखवावं, आणि पहिल्या पावसात त्यांच्याबरोबर एकदा पायी फिरून पाणी कुठे तुंबतं ते पाहावं.