गुलमोहराचं अख्खं झाड म्हणजे मॉसवरची काडी!

मॉस म्हणजे पावसाळ्यात भिंतींवर उगवणारी ती मऊ, हिरवी, बुटकी वनस्पती. घरात लावायच्या मॉसच्या फ्रेमची जाहिरात बघितली, म्हणे 'हवा शुद्ध करते'. अहो त्यातलं मॉस ग्लिसरीन वगैरे वापरून टिकवलेलं, म्हणजे चक्क मेलेलं असतं, बऱ्याचदा तर ते मॉसही नसतं, लायकेन असतं, म्हणजे बुरशी आणि शैवालाची जोडगोळी! ते कसली हवा शुद्ध करणार. वर एकाने मला सांगितलं की मॉस म्हणजे झाडाचीच सुरुवातीची, वाढ खुंटलेली अवस्था. तिथे मात्र राहवेना, कारण ते साफ चूक आहे. गुलमोहराशीच तुलना करून बघा.

उंचीचं सोपं आहे. गुलमोहराकडे लाकूड आहे, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या आहेत. मॉसकडे लाकूड नाही, खरी मुळंही नाहीत, म्हणून बहुतेक मॉस काही सेंटिमीटरांतच आटपतं.

खरी गंमत गुणसूत्रांत, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक माहितीच्या धाग्यांत. गुलमोहराच्या पानातल्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, एक आईकडचा, एक बापाकडचा. मॉसच्या हिरव्या पानात मात्र एकच संच! फिस्कोमिट्रियम नावाचं लॅबमधलं लाडकं मॉस आहे, त्यात 27 गुणसूत्रं, जोड्या नाहीतच. मग गुलमोहरात असं एका संचाचं काय असतं? तर परागकण, जेमतेम 2-3 पेशींचा, आणि बीजांडात (ज्याची पुढे बी होते) लपलेला भ्रूणकोश, ज्यात अंडपेशी असते, तो बहुतेक फुलझाडांत 7 पेशींचा. म्हणजे मॉसच्या त्या हिरव्यागार गादीचं झाडातलं नातं पानाफांद्यांशी नाहीच, बोटाला लागते त्या पिवळ्या धुळीशी आहे.

आणि उलटंही खरं. मॉसवर बारीक काडी उगवते, टोकाला डबीसारखं बोंड, तिच्यात दोन संच असतात. अख्खा गुलमोहर, खोडाबिडासकट, म्हणजे ती काडी! फक्त मॉसची काडी जन्मभर आईला, म्हणजे हिरव्या मॉसला, चिकटून तिच्याच जिवावर जगते, बोंडात अर्धसूत्री विभाजन (दोन संचांचा एक करणारं पेशीविभाजन) होऊन एका संचाचे बीजाणू, म्हणजे धुळीसारखे एकपेशी कण, बनतात, ते रुजून पुन्हा हिरवं मॉस. गुलमोहरात हेच विभाजन परागकोशात आणि बीजांडात होतं, पण पुढची पिढी बाहेर येऊन हिरवी होतच नाही, फुलातच आटोपते. पिढ्यांचा हा पाळीपाळीचा खेळ होफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1851 मध्येच मांडला, डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या पुस्तकाच्या 8 वर्षं आधी, तेही साध्या मायक्रोस्कोपवर.

मॉसच्या शुक्रपेशीला दोन शेपट्या असतात, ती पोहत अंडपेशीकडे जाते, म्हणून पाऊस नाहीतर दव हवंच. गुलमोहराच्या शुक्रपेशीला शेपटीच नाही, तिला परागकणातून निघणारी परागनलिका थेट बीजांडात नेऊन सोडते, म्हणून तो रखरखीत उन्हातही खुशाल फुलतो.