मिलमची वाट: जोहार खोऱ्यातले मुक्काम कुणी ठरवले?

पिथौरागढ जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गोरी गंगेच्या वरच्या अंगाला जे खोरं आहे त्याला जोहार म्हणतात. पश्चिमेला नंदादेवी (७,८१६ मीटर) आणि नंदादेवी पूर्व (७,४३४ मीटर), उत्तरेला हरदेवल आणि तिरसुली. या शिखरांवरून उतरणाऱ्या मिलम, पाछू, ल्वां अशा हिमनद्यांचं पाणी एकत्र होऊन गोरी गंगा वाहते. मे महिन्यात ग्वाल्हेर पंचेचाळीस अंशांवर गेलं की तिथल्या लष्कर भागातल्या मराठी घरांतही पहाडाच्या गोष्टी निघतात. नैनिताल, कौसानी बघून झालेल्यांना मग कुणीतरी मिलमचं नाव सुचवतं. हाती पडणारं वेळापत्रक बहुधा ठरलेलं असतं: मुनस्यारी, लीलम, बुगडियार, रिलकोट, मिलम.

हे टप्पे कुठल्या ट्रेकिंग कंपनीने आखलेले नाहीत. ते मेंढ्यांच्या चालीवरून पडले आहेत.

जोहारचे रहिवासी म्हणजे शौका. उन्हाळ्यात मिलम, बुर्फू, मर्तोली, बिल्जू या वरच्या गावांत आणि हिवाळ्यात मुनस्यारीच्या आसपास व त्याहून खाली, असं त्यांचं वर्षाचं राहणं. उपजीविका तिबेटशी व्यापारावर. धान्य, गूळ, सुती कापड वर जाई. मीठ, लोकर आणि टाकणखार खाली येई. सराफ्यातला सोनार डाग देताना जो टाकणखार लावतो, तो युरोप-अमेरिकेत स्वस्तात निघू लागण्यापूर्वी हिंदुस्थानात मुख्यतः तिबेटातून, अशाच घाटांनी उतरत असे. माल मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या लोकरीच्या पिशव्यांत एका जनावरावर दहा किलोच्या आसपास ओझं बसे. हे फार थोडं वाटतं, पण शेकडो जनावरांचा कळप चारापाणी विकत न घेता चालताचालता चरतो, आणि खेचराचा पाय जिथे टिकत नाही तिथे मेंढी जाते. हिशोब तिथे जुळत होता.

मात्र संध्याकाळी प्रत्येक जनावराचं ओझं उतरवावं लागे. त्यासाठी सपाट जागा हवी, जवळ पाणी आणि गवत हवं, आणि वरून दगड कोसळणारा कडा नको. लीलम ते बुगडियार हा गोरी गंगेचा अरुंद घळीतला पट्टा आहे. त्यात अशा जागा मोजक्याच, म्हणून टप्पे बारा-पंधरा किलोमीटरवर पडले. ज्याला आज 'तीन दिवसांचा ट्रेक' म्हणतात तो मुळात लादलेल्या कळपाचा वेग आहे.

मिलमच्या पुढे ऊंटा धुरा, जयंती धुरा आणि कुंगरी बिंगरी अशा तीन खिंडी लागोपाठ ओलांडाव्या लागत, आणि मग तिबेटातली ग्यानिमाची मंडी. मधे मुक्कामाजोगी जागा नसल्याने वादळ आलं की कळपच्या कळप जात. एवढं करूनही व्यापार चालला, कारण फायदा होता. मिलम एके काळी कुमाऊंतल्या मोठ्या गावांत गणलं जाई.

या गावातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे नैनसिंग रावत. तिबेटी बोलता येणारे, उंचीला सरावलेले आणि व्यापारी म्हणून संशय न येणारे असे लोक इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याला हवे होते. ते जोहारमध्ये मिळाले. १८५५ मध्ये जर्मन संशोधक श्लागिनट्वाइट बंधूंनी नैनसिंगांना सोबत घेतलं होतं. पुढे डेहराडूनला शिकवून खात्याने १८६५ मध्ये त्यांना ल्हासाकडे धाडलं. अंतर मोजायला जपमाळ १०८ ऐवजी १०० मण्यांची, दर शंभर पावलांना एक मणी. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात दडवलेले. उंची काढण्यासाठी उकळत्या पाण्यात थर्मामीटर. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. त्यांचे भाऊबंद किशनसिंगही याच कामातले.

उकळत्या पाण्याची ही युक्ती स्वयंपाकघरात सोसावी लागते. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. मिलमला, म्हणजे सुमारे ३,४०० मीटरवर, पाणी ८९ अंशांच्या आतबाहेर उकळतं. तिथे उघड्या पातेल्यात तुरीचं वरण तासभर ठेवलं तरी डाळ कचकच लागते आणि रॉकेल संपतं. कुकर न्यावा, नाहीतर मसूर किंवा मुगाची डाळ न्यावी आणि ती दुपारीच भिजत घालावी. भाताचंही तेच, पोहे मात्र कुठल्याही उंचीवर भिजतात.

गिर्यारोहकांनी जोहारची वाट नंतर धरली. १९०५ मध्ये टॉम लाँगस्टाफ याच बाजूने नंदादेवी पूर्वच्या खांद्यावरच्या खिंडीपर्यंत पोचले; ती खिंड आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याच खिंडीतून २ जुलै १९३९ रोजी पोलंडच्या तुकडीतले दोघे नंदादेवी पूर्वच्या माथ्यावर गेले. त्याच महिन्यात तिरसुलीवर हिमप्रपातात त्या तुकडीतले दुसरे दोघे दगावले. दरम्यान १९०६ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने कुमाऊंतल्या हिमनद्यांची मुखं मोजून खुणा केल्या होत्या. मिलमचं मुख १८४९ ते १९५७ या काळात सुमारे १,३५० मीटर मागे गेल्याची नोंद आहे, आणि त्यानंतरही ते मागेच सरकत आलं आहे. म्हणून जुन्या वर्णनांतली 'गावापासून हिमनदीपर्यंत'ची अंतरं जशीच्या तशी धरू नयेत. आता गावापासून पाचेक किलोमीटर दगडगोट्यांच्या मोरेनवरून जावं लागतं. मुखाजवळच्या बर्फाच्या भिंतीवरून दुपारी दगड सुटतात, तेव्हा तिथे सकाळीच जाऊन परतावं. भिंतीखाली उभं राहून फोटो काढायचा मोह आवरावा.

१९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धाने तिबेटशी चालणारा हा व्यापार एका झटक्यात थांबला. खिंडी बंद झाल्या, माल नाही, कळप नाही. १९६७ मध्ये शौकांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. पुष्कळ जण शिकून नोकऱ्यांत गेले. पुढे कैलासयात्रा १९८१ मध्ये आणि व्यापार १९९२ मध्ये सुरू झाला, पण पूर्वेकडच्या लिपुलेख खिंडीमार्गे. जोहारच्या खिंडी मिटलेल्याच राहिल्या. मिलममध्ये कोरीव चौकटींची, छप्पर गेलेली दगडी घरं ओळीने दिसतात ती त्यामुळे. थोडी कुटुंबं उन्हाळ्यात वर येतात, बटाटा आणि कुट्टू लावतात, ऑक्टोबरात उतरतात. मे-जूनमध्ये बरेच हात कीडाजडी (अळीवर वाढणारी महागडी औषधी बुरशी) वेचायला जातात, त्यामुळे नेमक्या हंगामात हमाल आणि खेचरं मिळत नाहीत किंवा दर चढतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर ही अडचण नसते, हवाही स्वच्छ असते. मुनस्यारीत शेरसिंग पांगती यांनी उभारलेलं संग्रहालय आहे. त्याला तासभर दिला तर वरच्या पडक्या भिंती नुसत्या पडक्या राहत नाहीत.

जुन्या मुक्कामांवर आज सर्वांत मोठा परिणाम होतोय तो सीमा सडक संघटनेच्या मुनस्यारी–मिलम रस्त्याचा. काम किती अवघड, याची कल्पना २२ जून २०२० च्या घटनेवरून यावी: पोकलेन लादलेला ट्रक सेनर नाल्यावरचा बेली पूल मोडून खाली गेला, पाच-सहा दिवसांत तिथे नवा पूल उभा केला गेला. रस्ता गावकऱ्यांचा हक्क आहे, त्याबद्दल ट्रेकिंगवाल्यांनी गळे काढण्यात अर्थ नाही. पण शरीराला विरळ हवेची सवय होण्याचा प्रश्न वेगळा. ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून २०० मीटरवर. जुन्या चालीत मुनस्यारी २,२००, लीलम १,८५०, बुगडियार २,५००, रिलकोट ३,१०० आणि मग मिलम, अशी चढण मिळते. गाडीने पुढे सरकलं तर मुनस्यारीहून हजार-बाराशे मीटरची उडी एका दिवसात होते. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम आहे. म्हणजे मुनस्यारीत दोन रात्री आणि रिलकोटला एक जादा रात्र हवीच. त्या मोकळ्या दिवशी वर मर्तोलीला जाऊन यावं, तिथे भूर्जाची राई आणि नंदेचं देऊळ आहे. डोकेदुखीवर गोळी घेऊन पुढे चढणं ही नेहमीची चूक. डोकेदुखी असताना चढायचं नाही. सरळ रेषेत चालता येईना किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगून.

ग्वाल्हेरहून दिल्ली, तिथून रात्रीच्या गाडीने काठगोदाम, पुढे अल्मोडा, थल, बिर्थी, कालामुनी करत मुनस्यारी. काठगोदामपासून जवळजवळ तीनशे किलोमीटर घाटरस्ता आहे. एका दिवसात होतो, पण चौकोडी किंवा बागेश्वरला मुक्काम केलेला बरा. मुनस्यारीत एसडीएम कार्यालयाकडून परवान्याचा चालू नियम आणि रस्ता कुठवर खुला आहे ते विचारावं. ओळखपत्राच्या चार-पाच प्रती जवळ ठेवाव्यात, कारण आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या) चौक्यांवर नोंद होते. मिलमच्या पुढे खिंडींकडे आपल्या मनाने जाता येत नाही.

वाटेतले ओढे सकाळी लवकर ओलांडावेत. उन्हाने वरचं बर्फ वितळून दुपारी तेच पाणी गुडघ्याचं मांडीला येतं. रिलकोटच्या पुढे खोरं उघडं होतं आणि दुपारपासून खालून वर जोराचा वारा सुटतो, म्हणून तंबू बारापूर्वी लागलेला असावा आणि दार वाऱ्याकडे नसावं. जुलै-ऑगस्टात जाऊच नये. इतर महिन्यांतही थल–मुनस्यारी रस्त्यावर दरड आली की एक-दोन दिवस अडकायला होतं, तेव्हा काठगोदामचं परतीचं आरक्षण किमान दोन दिवस हातचे राखूनच करावं.