पार्श्वभूमी : डिलनचं कीर्तन आणि विंबरचं भजन

मिनेसोटातल्या हिबिंग गावच्या शाळेचा १९५९चा वार्षिक अंक. रॉबर्ट झिमरमन या मुलाच्या फोटोखाली त्याची आयुष्यातली इच्छा छापली आहे : लिटल रिचर्डच्या ताफ्यात सामील व्हायचं. गंमत म्हणजे तोवर लिटल रिचर्डनेच ताफा सोडला होता. ऑक्टोबर १९५७मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना त्याने रॉक अँड रोल सोडल्याचं जाहीर केलं आणि नंतर अलाबामातल्या ओकवुड कॉलेजात तो धर्मशिक्षण घ्यायला गेला. पाचेक वर्षांत तो परतला, पुन्हा गेला, पुन्हा परतला. हिबिंगचा मुलगा एव्हाना बॉब डिलन झाला होता.

अमेरिकेत चर्च आणि पॉप यांच्यातली ये-जा नवी नव्हती. सॅम कुक, अरेथा फ्रँकलिन ही मंडळी चर्चमध्येच गाऊन तयार झाली आणि मग बाजारात आली. अल ग्रीन उलट्या वाटेने गेला. १९७६ साली त्याने मेम्फिसमध्ये स्वतःचं चर्च थाटलं आणि तो तिथला पाळक, म्हणजे धर्मगुरू झाला. पण हे सगळे मुळात चर्चच्या अंगणात वाढलेले. डिलन ज्यू घरातला. म्हणून तो ख्रिस्ती झाल्याची १९७९ची बातमी लोकांना पचली नाही.

ती वीज कोरड्या आभाळातून पडली नव्हती, हे मात्र सांगायला हवं. १९६०चं दशक संपता संपता कॅलिफोर्नियात नशापाण्याला कंटाळलेली हिप्पी पोरं येशूकडे वळू लागली होती. कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये चक स्मिथ या पाळकाने त्यांना लांब केस आणि गिटारीसकट आत घेतलं. १९७१ साली तिथूनच ‘मारानाथा! म्युझिक’ ही कंपनी निघाली. ऑर्गनच्या जागी गिटार आली, भजनसंग्रहातल्या जुन्या चालींच्या जागी रेडिओवर शोभतील अशा चाली. १९७४च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये केन गलिकसनने व्हाइनयार्ड ही मंडळी, म्हणजे चर्च, सुरू केली. तिच्या सुरुवातीच्या बायबल-अभ्यासाच्या बैठकी संगीतकारांच्याच घरी भरत. त्यांतला एक लॅरी नॉर्मन, ख्रिस्ती रॉकचा आद्य गायक.

डिलनच्या वाद्यवृंदातल्याही काही जणांचं तोवर मतपरिवर्तन झालं होतं. तो स्वतः थकला होता. १९७७ साली घटस्फोट, मग आपटलेला सिनेमा आणि १९७८चा शंभराहून जास्त कार्यक्रमांचा जगदौरा. नोव्हेंबरमध्ये सॅन दिएगोच्या मंचावर कुणीतरी चांदीचा एक छोटा क्रूस फेकला. एरवी अशा वस्तू न उचलणाऱ्या डिलनने तो उचलून खिशात टाकला. हा किस्सा त्याने वर्षभराने त्याच शहरात प्रेक्षकांना सांगितला. १९७९च्या आरंभी काही महिने तो व्हाइनयार्डच्या बायबलवर्गाला जाऊन बसत होता.

‘स्लो ट्रेन कमिंग’ या नव्या तबकडीचं ध्वनिमुद्रण अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत झालं. निर्मात्यांत जेरी वेक्सलर होता. अरेथाची चर्चमध्ये मुद्रित झालेली गाणी करणारा हा माणूस जन्माने ज्यू, पक्का नास्तिक. डिलन त्यालाही बायबल सांगायला लागला, तेव्हा त्याने ‘आपण फक्त रेकॉर्ड करू या’ अशा अर्थाचं उत्तर देऊन विषय संपवला. गिटारीवर मार्क नॉफ्लर. ऑगस्टमध्ये आलेली ही तबकडी चांगली खपली, आणि तिच्यातल्या एका गाण्याला १९८०चं ग्रॅमी मिळालं.

खरी कसोटी मंचावर होती. १ नोव्हेंबर १९७९पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरात १४ कार्यक्रम झाले. आधी साथीच्या गायिका गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गात, मग डिलन, आणि तोही फक्त नवी गाणी. जुनं एकही नाही. हुर्यो उडाली. महिनाअखेरीस अ‍ॅरिझोनात प्रेक्षक ओरडू लागले तेव्हा त्याने थेट नरकाचा रस्ता दाखवला. मला तरी या काळातलं त्याचं गाणं फार जिवंत वाटतं, पण ते ऐकताना समोरच्याचं बोट आपल्यावर रोखलेलं आहे असं सतत वाटत राहतं.

आपल्याकडचा शब्द वापरायचा तर हे कीर्तन होतं. तेही उत्तररंगाशिवायचं, नुसत्या निरूपणाचं. त्यात श्रोत्यांनी सूर मिळवायला जागा नव्हती. उपासनासंगीताचा जीव असतो भजनात : सगळ्यांना येईल अशी चाल, दोन-चार ओळी, आणि देवाला सरळ ‘तू’ म्हणणं. ते काम केलं जॉन विंबरने. पुढे ‘राइटियस ब्रदर्स’ ही जोडी ज्या गटातून निघाली, त्या ‘पॅरामोर्स’मध्ये हा वाजवायचा. १९६३ साली त्याने येशूवर विश्वास धरला आणि पॉपचा धंदा मागे टाकला. अ‍ॅनाहाइममधली आपली मंडळी घेऊन तो १९८२ साली व्हाइनयार्डमध्ये आला आणि लवकरच तिचा पुढारी झाला. मध्ये न थांबता एकामागून एक गायची ही साधी, हळुवार गाणी त्याच्याबरोबर इंग्लंडला गेली आणि तिथल्या तरुण गीतकारांनी ती पद्धत उचलली. आज जगभरच्या मंडळ्यांत रविवारी पडद्यावर शब्द दाखवून जे गातात, त्यातल्या बऱ्याच गाण्यांचं गोत्र इथवर पोचतं. विंबरचं नाव गाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

डिलनचा हा जोर दोन-तीन वर्षं टिकला. ‘सेव्हड’ ही पुढची तबकडी अमेरिकेत फारशी चालली नाही. १९८०च्या अखेरीस जुनी गाणी मंचावर परतली, १९८१च्या ‘शॉट ऑफ लव्ह’मध्ये धर्माबरोबर इतर विषयही आले. ‘एव्हरी ग्रेन ऑफ सँड’ हे त्या तबकडीतलं शेवटचं गाणं मात्र बोट खाली घेऊन हात जोडणाऱ्या माणसाचं आहे.

सप्टेंबर १९९७मध्ये बोलोन्यात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर त्याने तीन गाणी म्हटली. ही तिन्ही गाणी तो क्रूस खिशात टाकायच्या आधीची. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विंबर वारला.